खानदानी रोग आणि तिसरं गुणसूत्र

आमच्या वऱ्हाडात ‘खानदानी’ हा शब्द फार सैल वापरतात. दमा खानदानी, शुगर खानदानी, टक्कल खानदानी. त्यात कुणाला काही वाटत नाही. पण कॅन्सरच्या मागे हा शब्द लागला की घरातली हवाच बदलते. गेल्या वर्षी आमच्या घरातल्या एका मुलीचं जमत आलेलं लग्न याच शब्दापायी मोडलं. मध्यस्थाने फोनवर इतकंच सांगितलं, “मास्तर, पाव्हणे म्हन्तेत त्यायच्या घरात किडनीचा कॅन्सर हाय.” मुलीचे आजोबा, म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो, ते या रोगाने गेले, हे खरं आहे. बाकी त्या एका वाक्यात काय खरं आणि काय खोटं हे ठरवायला मला सहा-सात महिने वाचावं लागलं.

मी इतिहास आणि मराठीचा मास्तर. बी.ए. मराठी माध्यमातून, आणि विज्ञानाशी संबंध जुन्या अकरावीपुरता. पण इतिहास कशाचाही वाचता येतो, जनुकांचाही. पुतणी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली आहे, अडलं तिथे तिने समजावलं. जे कळलं ते आप्तांसाठी आणि तुम्हा नेहमीच्या वाचकांसाठी लिहून ठेवतो आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

सुरुवात १८८३ पासून करू. पॉल ग्रॅविट्झ या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने किडनीतल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्या पेशी पिवळट, चरबीने भरलेल्या दिसल्या. किडनीच्या डोक्यावर एक छोटी ग्रंथी टोपीसारखी बसलेली असते, तिच्या पेशीही तशाच दिसतात. ग्रॅविट्झने निष्कर्ष काढला की या ग्रंथीचे चुकार तुकडे किडनीत राहून जातात आणि त्यांचीच गाठ होते. निष्कर्ष चुकला. गाठ किडनीच्याच बारीक नळ्यांच्या पेशींतून होते. पण त्यावरून पडलेलं ‘हायपरनेफ्रोमा’ हे नाव डॉक्टरांच्या तोंडी पुढे कित्येक दशकं राहिलं. इतिहासात असं नेहमी होतं, समजूत जाते आणि नाव राहतं.

दुसरा जर्मन थिओडोर बोव्हेरी. हा समुद्रातल्या सी-अर्चिन नावाच्या काटेरी जिवाच्या अंड्यांवर काम करायचा. गुणसूत्रांची वाटणी बिघडली की पेशी भलतीकडेच जातात हे त्याने पाहिलं होतं. १९१४ साली त्याने कॅन्सरवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात असा तर्क मांडला की पेशीच्या विभाजनाला आवर घालणारं काहीतरी गुणसूत्रांत असावं आणि ते हरवलं की पेशी बेलगाम होत असावी. हातात पुरावा फारसा नव्हता. जनुक म्हणजे नेमकं काय हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. तरी माणूस बरोबर जागी बोट ठेवून गेला.

आपल्याकडे मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. तिथल्या विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. खानोलकर कॅन्सरकडे समाजाच्या सवयींतून पाहत. धोतराची गाठ कंबरेला वर्षानुवर्षं घट्ट घासून तिथल्या कातडीला होणारा कॅन्सर त्यांनी १९४५ मध्ये जगापुढे मांडला. त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे (माहेरच्या समर्थ) तयार झाल्या. १९४९ ला डॉक्टरेट, मग अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशी बाटलीत वाढवण्याचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईत तशी प्रयोगशाळा उभी केली. त्यांचं काम स्तनाच्या कॅन्सरवर आणि रक्ताच्या कॅन्सरवर, किडनीवर नव्हे. पण उंदरांच्या वाणावाणांत कॅन्सरची प्रवृत्ती वेगवेगळी का असते, त्यात रक्ताचं किती आणि परिस्थितीचं किती, हा प्रश्न त्या बाईंनी त्या काळात हाताळला होता. आमच्या मोडलेल्या लग्नाचा प्रश्नही तोच होता म्हणायचा.

आता खरा माणूस येतो. अल्फ्रेड नडसन. ह्यूस्टनच्या एका कॅन्सर रुग्णालयात लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या गाठीच्या ४८ रुग्णांच्या नोंदी घेऊन तो बसला. नवा प्रयोग काही केला नाही. जुनं दप्तर आणि आकडेमोड, एवढंच. मला हा माणूस फार जवळचा वाटला. त्याला दिसलं असं, की ज्या मुलांच्या घराण्यात हा रोग होता त्यांना तो बहुधा दोन्ही डोळ्यांत आणि लवकर व्हायचा. ज्यांच्या घराण्यात नव्हता त्यांना एकाच डोळ्यात आणि उशिरा. १९७१ मध्ये त्याने यावरून मांडलं की गाठ व्हायला दोन घाव लागतात.

हे मला समजलं ते जागलीवरून. आपल्याकडे तूर, हरभरा हाताशी आला की रानडुकरांसाठी रात्री वावरात जागल करावी लागते. समजा प्रत्येक वावराला दोन जागले आहेत, एक बापाने ठेवलेला, एक आईने. एक झोपला तरी दुसरा हाकारतो, पीक वाचतं. दोघेही एकाच रात्री, एकाच वावरात झोपले तरच डुकरं घुसतात. बहुतेकांच्या बाबतीत हे दोन्ही घाव आयुष्यात पुढे कधीतरी, योगायोगाने पडतात. म्हणून उतारवयात आणि एकाच जागी. पण एखाद्या घराण्यात जन्मतःच प्रत्येक वावरातला एक जागल्या नसतो. मग दुसरा कुठे ना कुठे झोपणारच. म्हणून तरुणपणी, आणि अनेक जागी. या जागल्या जनुकांना डॉक्टर लोक ‘ट्यूमर सप्रेसर जीन’ म्हणतात, आपण गाठरोधक म्हणू.

किडनीतला जागल्या सापडला तो मात्र डोळ्याच्या आणि मेंदूच्या वाटेने. ऑयगेन फॉन हिपेल या जर्मन नेत्रवैद्याने १९०४ मध्ये काही रुग्णांच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांच्या गुंतवळ्यासारख्या गाठी नोंदवल्या. अर्विड लिंडाऊ या स्वीडिश डॉक्टरने १९२६ मध्ये दाखवलं की अशाच गाठी लहान मेंदूतही होतात आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे. अशा रुग्णांना किडनीचा कॅन्सरही होतो हे पुढे स्पष्ट झालं. दोघांच्या नावाने हा रोग व्हीएचएल म्हणून ओळखला जातो. साधारण ३६,००० जन्मांत एक. म्हणजे दुर्मीळच.

दुसरा धागा १९७९ चा. अमेरिकेतल्या एका कुटुंबात तीन पिढ्यांत दहा जणांना किडनीचा कॅन्सर झाला होता. त्यांची गुणसूत्रं तपासली तेव्हा तिसऱ्या आणि आठव्या गुणसूत्राचे तुकडे एकमेकांत बदललेले आढळले. ज्यांच्या पेशीत ही अदलाबदल नव्हती त्यांच्यापैकी कुणालाही हा रोग झालेला नव्हता. १९८७ मध्ये बर्टन झ्बार, मार्स्टन लिनेहान आणि सहकाऱ्यांनी घराण्याशी काही संबंध नसलेल्या साध्या रुग्णांच्या गाठी तपासल्या. तिथेही तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड बाहूचा तुकडा गायब! म्हणजे खानदानी रोग आणि बिगरखानदानी रोग, दोघांची वाट एकाच वावरातून जात होती. मग व्हीएचएल घराण्यांना हाताशी धरून शोध चालला आणि १९९३ मध्ये ते जनुक हाती लागलं. त्या निबंधावर पहिलं नाव फरीदा लतीफ यांचं आहे. जनुक तसं लहान, त्यातून बनणारं प्रथिन २१३ अमिनो आम्लांचं. दुसऱ्याच वर्षी कळलं की किडनीच्या कॅन्सरचा जो सर्वांत मोठा प्रकार, शंभरात पाऊणशे रुग्णांना होणारा, त्यातल्या बहुतेक गाठींत हेच जनुक बिघडलेलं असतं. फरक असा की व्हीएचएल घराण्यात पहिला बिघाड आईबापांकडून येतो. बाकीच्यांत दोन्ही बिघाड त्या गाठीच्या पेशीतच झालेले असतात. ते मुलाबाळांकडे जात नाहीत, जाऊच शकत नाहीत.

हे वाक्य मी पुतणीकडून तीनदा तपासून घेतलं. माझ्यासाठी सगळ्या वाचनाचं सार तिथे होतं.

पण हा जागल्या नेमकं करतो काय? त्याचं उत्तर देणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा. सेमेन्झा त्याच जॉन्स हॉपकिन्सचे, जिथे आपल्या रणदिवे बाई शिकून आल्या. केलिनची गोष्ट मास्तर लोकांनी वाचावी अशी आहे. पदवीच्या वर्गात असताना प्राध्यापकाने त्याच्याबद्दल, मुलगा हुशार आहे पण याचं भवितव्य प्रयोगशाळेबाहेर आहे, अशा अर्थाचा शेरा मारला होता. असे शेरे स्टाफरूममध्ये रोज ऐकू येतात, पण ते इतकी वर्षं जपून ठेवणारा विद्यार्थी विरळा.

तर त्यांनी शोधलं ते असं. पेशीला ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ नावाचं प्रथिन जागं होतं. आपल्या भाषेत, टंचाई जाहीर होते. मग टँकर सुरू होतात, नवे बोअर खणले जातात, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक सुटतं. ऑक्सिजन पुरेसा झाला की एचआयएफवर एक खूण उमटते. ती खूण पाहून व्हीएचएलचं प्रथिन एचआयएफला निकालात काढतं. टंचाईचा हुकूम रद्द करणारा कारकून म्हणा ना. हा कारकूनच गायब झाला तर? भर पावसाळ्यात, नदीला पूर असताना टँकर चालूच. गाठीला रक्ताचा पुरवठा होतच राहतो. किडनीच्या गाठी रक्ताने इतक्या भरलेल्या का असतात हे कोडं असं सुटलं. टँकरच्या बिलांवर कोण पोसतं हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं सांगायला नको!

नवे बोअर बंद पाडणारी गोळी आली डिसेंबर २००५ मध्ये. सोराफेनिब तिचं नाव, अमेरिकेत पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी मंजूर झाली. तिचा पुढचा इतिहास मात्र आपल्या मुंबईत घडला. जर्मनीच्या बायर कंपनीला भारतात तिचं पेटंट २००८ मध्ये मिळालं. महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत होती सुमारे २ लाख ८० हजार रुपये. हैदराबादच्या नॅटको कंपनीने २०११ मध्ये सक्तीचा परवाना मागितला आणि ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईत तो दिला. नव्या पेटंट कायद्याखालचा भारतातला हा पहिला. आधार होता कायद्याच्या ८४व्या कलमाचा, लोकांची गरज भागत नाही, किंमत परवडत नाही आणि शोधाचा वापर इथे होत नाही. नॅटकोने तीच गोळी महिन्याला सुमारे ८,८०० रुपयांत द्यायची, बायरला विक्रीवर सहा टक्के स्वामित्वधन द्यायचं, आणि वर्षाला किमान ६०० गरीब रुग्णांना फुकट पुरवायची. अपिलात सहाचे सात टक्के झाले, बाकी हुकूम टिकला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये तो कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरात दखल द्यायला नकार दिला. ते पेटंट २०२० मध्ये संपलंही.

मी हे सगळं वाचताना खूश झालो, पण लगेच भानावरही आलो. त्या गोळीची जी मोठी चाचणी झाली, ९०३ रुग्णांवर, तिच्यात रोग पुन्हा वाढू लागण्याआधीचा काळ २.८ महिन्यांवरून ५.५ महिन्यांवर गेला होता. म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि तरीही तीन महिने सुद्धा नव्हे. लढाई किमतीची जिंकली, रोगाची नाही. आज पसरलेल्या रोगात शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं पुढे आली आहेत. आणि टंचाईचा हुकूमच फाडून टाकणारं बेल्झुटिफान नावाचं औषध २०२१ मध्ये अमेरिकेत आधी व्हीएचएलच्या रुग्णांसाठी मंजूर झालं, २०२३ च्या डिसेंबरात इतरांसाठी. बोव्हेरीच्या तर्कापासून तिथवर एकशेसात वर्षं.

एक गोष्ट मला फार अस्वस्थ करून गेली. त्या आखूड बाहूवर व्हीएचएलच्या शेजारीच आणखी तीन जागले राहतात. पीबीआरएम१, बीएपी१ आणि सेटडी२ अशी त्यांची नावं, तिघांचाही किडनीतला हात २०१० पासून पुढे उघड झाला. म्हणजे तो बाहू तुटला की एका फटक्यात चौघांची एकेक प्रत जाते. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी ३३ रुग्णांच्या गाठींचे ९५ नमुने वाचून काळाचा हिशेब मांडला. पुष्कळ रुग्णांत तो पहिला तुकडा लहानपणी किंवा पौगंडावस्थेत, रोग कळण्याच्या कित्येक दशकं आधी गेलेला होता. आणि अशा पेशी त्या वयात असतात फक्त काहीशे. दादांना साठी उलटल्यावर, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ दिसली. पहिला जागल्या कदाचित ते अकोल्यात हाफपँट घालून शाळेत जात होते तेव्हाच झोपला असेल. त्याला कोण काय करणार? बहुसंख्य माणसांत दुसरा जागल्या जन्मभर जागाच राहतो.

आता आमच्या घराचं. दादांचा धाकटा मुलगा एके रात्री हळूच म्हणाला, “काका, मले बी होईन का हे?” म्हटलं, विचारून घेऊ. मुंबईच्या एका डॉक्टरबाईंनी तपासणीआधी वंशावळ मागितली. हे काम माझं! चार पिढ्या मांडल्या. कोण किती वयाला गेलं, कशाने गेलं. पणजोबांचे दोन भाऊ १९१८ च्या मानमोडीत गेलेले. एक आत्या बाळंतपणात. आजोबांपुढे घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं कारण होतं ‘पोटात गोळा उठून’. घरात आजवर कुजबुज चाललेली ती याच गोळ्याच्या आधारावर, की आजोबांनाही तेच होतं. पण पोटातला गोळा लिव्हरचा असतो, आतड्याचा असतो, साधं आतडं पिळवटल्याचाही असतो. १९५० च्या दशकात खेड्यात कोण तपासत होतं? असलं साधन मी वर्गात पुरावा म्हणून चालू दिलं नसतं. डॉक्टरबाईंनी कागद नीट पाहिला. एकच रुग्ण, एकच किडनी, साठीनंतरचं वय, डोळ्यात-मेंदूत कुणाला काही नाही. म्हणाल्या, खानदानी प्रकाराची एकही खूण यात नाही, मुलांच्या जनुकांची तपासणी करायचं कारण दिसत नाही. किडनीच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत खानदानी असतात साधारण पाच. मग त्यांनी पुतण्याला विचारलं, बिडी-सिगारेट ओढता का, बीपी किती असतं, वजन किती. तिथे मात्र चिरंजीव खाली बघू लागले.

दोन प्रश्न नातेवाइकांनी हमखास विचारले. पहिला खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या आपल्या खाऱ्या पाण्याने किडनीचे विकार होतात ही तक्रार जुनी आहे, आणि ती किडनी निकामी होण्याची आहे. कॅन्सर हा वेगळा रोग, दोन्हींची सरमिसळ करू नये. दुसरा प्रश्न झाडपाल्याचा, आणि तो जास्त महत्त्वाचा निघाला. धुऱ्यावर उगवणारी किडामारी तुम्हाला माहीत असेल, जंतांवर तिचा रस द्यायची पद्धत होती. तिच्या कुळात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. हे आम्ल किडनी तर खराब करतंच, वर जनुकांत आपली ठरावीक सही करून जातं, आणि कॅन्सरला कारण होतं हे सिद्ध झालेलं आहे. २०२४ मध्ये ११ देशांतल्या ९६२ किडनी गाठींची जनुकं वाचली गेली, तेव्हा रुमानिया आणि सर्बियातल्या गाठींत ती सही ठळक सापडली. तिकडे या कुळातलं तण गव्हाच्या शेतात उगवतं. तेव्हा आयाबायांनो, किडामारी धुऱ्यावरच राहू द्या.

कॅन्सर झालेल्या माणसाला घेऊन मुंबईला जाणं हा वऱ्हाडाचा जुना अनुभव. दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत परळला उपचार घेणारे रुग्ण उतरतात, आणि बाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कॅन्सरनेच गेले. त्यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आता नागपूरला आहे, म्हणजे प्रत्येक वेळी रात्रीची गाडी पकडावी लागत नाही.

आप्तांपैकी ज्यांच्या घरात कुणाला पंचेचाळिशीच्या आत किडनीचा कॅन्सर झाला असेल, दोन्ही किडन्यांत गाठी असतील, किंवा सख्ख्या नात्यात दोघांना झाला असेल, डोळ्याच्या पडद्यावर वा लहान मेंदूत तशा गाठी निघाल्या असतील, त्यांनी जनुकांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. जाताना वंशावळ न्यावी. आमच्या घराण्याची मी केलेली प्रत तयार आहे, मागाल त्याला पाठवीन. तिच्यात सुनांच्या माहेरची बाजू अजून कोरी आहे. ती मला इथे बसून भरता येणार नाही, ज्यांची त्यांनी भरून दिवाळीपर्यंत पाठवावी. वय आणि कारण दोन्ही लिहा, आणि कारण माहीत नसेल तर माहीत नाही असंच लिहा, ‘गोळा’ लिहू नका.